दोन दप्तरांमधले अंतर

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जिल्हा देवास,
मा. जिल्हाधिकारी, जिल्हा धार,
मध्य प्रदेश.

विषय : बालकांवरील अत्याचार आणि त्यांची हेळसांड वेळीच ओळखण्यासाठी शाळांमधील नोंदींचा उपयोग होण्याबाबत.

महोदय,

मराठीत ‘दप्तर’ हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी रूढ आहे : मूल खांद्याला अडकवून शाळेत नेते ती पिशवी, आणि कचेरीत कागदपत्रे बांधून ठेवतात तो संग्रह. धार आणि देवास येथील पवारांच्या संस्थानी कारभाराने दुसऱ्या प्रकारचे दप्तर दोन शतकांहून अधिक काळ सांभाळले, आणि वसुली, वतन व हक्क यांचे तंटे उद्भवले की तेच कागद सोडून वाचले जात. आज देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोहारदा येथील किंवा धार जिल्ह्यातील एखाद्या पाड्यावरील शाळेतही ही दोन्ही दप्तरे रोज शेजारी शेजारी भरत असतात. मुलाविषयी शाळेच्या कागदांत बरेच काही लिहिलेले असते. मात्र त्या मुलावर घरी, शेतात, वसतिगृहात किंवा खुद्द शाळेत काय गुदरत आहे, हे जाणण्यासाठी ते कागद एकत्र ठेवून कोणी वाचत नाही. प्रस्तुत पत्र या अंतराविषयी आहे, आणि ते जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून असण्याचे कारण असे की, बाल न्याय अधिनियमाची २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आल्यावर जिल्हा बाल संरक्षण घटकाचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपल्याच, देखरेखीखाली आले आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या विचारविनिमयातून पुढे आलेल्या व्याख्येनुसार, जबाबदारीच्या, विश्वासाच्या किंवा सत्तेच्या नात्यात मुलाच्या आरोग्याला, वाढीला किंवा प्रतिष्ठेला अपाय करणारी शारीरिक व मानसिक वागणूक, लैंगिक अत्याचार, हेळसांड आणि शोषण हे सर्व प्रकार अत्याचारात मोडतात. यांपैकी हेळसांड म्हणजे मुलाच्या पालनाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने अन्न, औषधोपचार, देखरेख आणि शिक्षण यांसारख्या गरजा, त्या भागवणे शक्य असूनही, न भागवणे. व्याख्येतील ‘शक्य असूनही’ या दोन शब्दांचे महत्त्व पुढे लक्षात येईल. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतील दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मारहाणीचा अनुभव सांगितला, निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले, आणि बहुतेकांनी त्यापूर्वी ही गोष्ट कोणाजवळही काढलेली नव्हती. मूल स्वतः होऊन बोलेल या भरवशावर उभी असलेली संरक्षणव्यवस्था म्हणूनच अपुरी पडते, आणि मुलाने न बोलताही त्याच्या दैनंदिन जगण्याचे जे ठसे कागदावर उमटतात त्यांच्याकडे वळावे लागते.

असे ठसे शाळेइतके नियमितपणे दुसरीकडे कुठेही उमटत नाहीत. हजेरीपट रोज भरला जातो. ज्याला या भागात दाखिल-खारिज किंवा स्कॉलर रजिस्टर म्हणतात त्या वहीत प्रवेश, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण लिहिले जाते. माध्यान्ह भोजनाचा हिशेब ठेवला जातो. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेतील मुलांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी अपेक्षित आहे. आणि शिक्षण हक्क कायद्याखालील आदर्श नियमांनी प्रत्येक मुलाची संचयी नोंद, म्हणजे वर्षानुवर्षे पुढे वाढत जाणारी प्रगतीची नोंद, ठेवण्यास शिक्षकाला सांगितले आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाच्या उपस्थितीविषयी आणि प्रगतीविषयी पालकांशी नियमित बोलणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, तर कलम ९ ने आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवण्याचे आणि त्यांच्या उपस्थितीवर लक्ष ठेवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे सोपवले आहे. या नोंदी सुट्या सुट्या वाचल्या तर त्यांतून फारसे काही कळत नाही. परंतु हजेरीत दर सोमवारी पडणारा खंड, आरोग्य तपासणीत एका वर्षात घटलेले वजन, भोजनाच्या वेळी पुन्हा पुन्हा मागून घेण्याची लागलेली सवय आणि चांगल्या चाललेल्या अभ्यासाची अचानक झालेली घसरण या चार गोष्टी एकाच मुलाच्या नावापुढे एकत्र आल्या, तर शिक्षकाने थांबून विचारपूस करावी एवढे कारण निश्चितच तयार होते.

शासन या नोंदींचा उपयोग करत नाही, असे मुळीच नाही. मध्य प्रदेशात २००७ पासून चालू असलेल्या लाडली लक्ष्मी योजनेचे हप्ते मुलीने सहावी, नववी, अकरावी आणि बारावीत प्रवेश घेतल्यावर मिळतात, आणि अखेरच्या रकमेसाठी अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेला नसणे ही अट असते. म्हणजे सहावीत कोण आली हे शासनाला नेमके ठाऊक असते. गुन्ह्यानंतरही शाळेचाच कागद मागवला जातो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार वय ठरवताना शाळेकडील जन्मतारखेच्या दाखल्याला आणि मंडळाच्या प्रमाणपत्राला पहिले स्थान आहे, ते नसतील तर स्थानिक संस्थेचा जन्मदाखला आणि तोही नसेल तर वैद्यकीय चाचणी असा क्रम आहे. आणि केवळ शाळा सोडल्याचा दाखला या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केल्यामुळे प्रवेशाच्या दिवशी जन्मतारीख कशाच्या आधारे लिहिली गेली, याला फार महत्त्व आले आहे. थोडक्यात, लाभ देण्यासाठी आणि खटला चालवण्यासाठी शाळेची नोंद वाचली जाते. या दोहोंच्या मधल्या काळात, जेव्हा अपाय टाळता येण्यासारखा असतो, तेव्हा मात्र ती मिटलेली राहते.

याचे एक कारण कायद्याच्या रचनेत आहे. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ ने गुन्हा घडल्याचे ज्ञान किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. ते न पाळल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत, कारावास होऊ शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. मारहाण, उपासमार आणि हेळसांड यांबाबत शिक्षकावर इतके स्पष्ट आणि सर्वव्यापी बंधन नाही. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ क्रूरतेला शिक्षा सांगते, आणि कलम ३१ मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर करण्याची मुभा देते. परंतु चोवीस तासांत कळवण्याची सक्ती करणारे कलम ३२ हे हरवलेल्या, टाकून दिलेल्या किंवा निराधार मुलापुरते आहे. आई-वडिलांच्याच घरात राहणारे, रोज नाव पुकारले जाणारे आणि हळूहळू खंगत जाणारे मूल सक्तीच्या या दोन तरतुदींच्या, म्हणजे पॉक्सोचे कलम १९ आणि हे कलम ३२ यांच्या, फटीत सापडते, आणि ही फट कायदा बदलेपर्यंत प्रशासकीय व्यवस्थेनेच बुजवावी लागेल.

दुसरे कारण नोंदींच्या खरेपणाशी निगडित आहे. भोजनाचे धान्य, शिष्यवृत्ती आणि शाळेची पटसंख्या हे सारे उपस्थितीवर अवलंबून असते तेथे गैरहजर मुलाला हजर दाखवण्याचा मोह होतो, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो किरकोळ गैरव्यवहार मानला जातो. प्रत्यक्षात ती खोटी हजेरी मूल धोक्यात असल्याची एकमेव लेखी खूण पुसून टाकते. याच्या उलट टोकाला, दीर्घकाळ न येणाऱ्या मुलाचे नाव पटावरून कमी केले की शाळेची टक्केवारी सुधारते आणि मूल दृष्टीआड होते. यू-डायस प्लस या राष्ट्रीय शालेय माहितीप्रणालीत आता प्रत्येक विद्यार्थ्याला कायम क्रमांक मिळतो, आणि ज्या मुलाने एक शाळा सोडली पण दुसऱ्या शाळेने ज्याला पटावर घेतले नाही त्याचे नाव ‘ड्रॉपबॉक्स’ या यादीत जाऊन पडते. ती यादी आज मुख्यतः आकडे जुळवण्यासाठी पाहिली जाते. बालसंरक्षणाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील प्रत्येक नाव हा एक प्रश्न आहे, कारण ते मूल मजुरीला लागले, लग्न करून पाठवले गेले, आजारी पडले की फक्त गाव बदलले, यांपैकी काहीही त्या यादीवरून कळत नाही.

येथे धार आणि देवास यांच्या वस्तुस्थितीचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे, कारण दुसरीकडे बेतलेले निकष येथे जसेच्या तसे लावले तर अन्याय होईल. सोयाबीनच्या काढणीत आणि गव्हाच्या कापणीत वर्ग रिकामे होतात. धारच्या आदिवासी भागातून दिवाळीनंतर गुजरात आणि महाराष्ट्राकडे मजुरीला जाणारी कुटुंबे होळीआधीच्या भगोरियाच्या सुमारास परततात, आणि थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी थांबते. अशा गैरहजेरीत मुलाच्या हक्काची हानी जरूर आहे. परंतु तिचे मूळ पालकांच्या निष्ठुरतेत नसून मजुरी, पाळणाघराचा अभाव आणि हंगामी वसतिगृहांची उणीव यांत आहे. कायद्यालाही हा भेद मान्य आहे : बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ नुसार आई-वडिलांनी परिस्थितीच्या रेट्यामुळे मुलाला टाकले असेल, तर ते हेतुपुरस्सर नव्हे असे गृहीत धरावे लागते, आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, असे अधिनियमाचे तत्त्व आहे. म्हणून नोंदी वाचणाऱ्याला गावाचा हंगाम ठाऊक असला पाहिजे. कापणीच्या आठवड्यात अर्धा वर्ग गैरहजर असणे ही गावाची गोष्ट झाली. सारी भावंडे शाळेत येत असताना एकच मूल येत नसणे, किंवा सारे परतले तरी एकच मुलगी न परतणे, ही त्या मुलाची गोष्ट असते आणि विचारपूस तेथूनच सुरू व्हायला हवी.

याच कारणासाठी या कामी संगणकीय भाकिताचा मोह टाळलेला बरा. केवळ समजण्यापुरते एक गणित मांडता येईल : एक हजार मुलांपैकी वीस मुले खरोखर धोक्यात आहेत, आणि एखादी कसोटी त्यांतील ऐंशी टक्के मुले ओळखते, पण सुरक्षित मुलांपैकी दहा टक्क्यांवर चुकून खूण करते, असे मानले, तर सोळा मुले बरोबर आणि अठ्ठ्याण्णव मुले चुकीने यादीत येतील, म्हणजे खूण झालेल्या दर सात घरांपैकी सहा घरांवर विनाकारण संशय येईल, आणि तरीही धोक्यातील चार मुले निसटतीलच. कसोटी चांगली असूनही असे घडते, कारण जे क्वचित घडते ते शोधताना चुकीच्या खुणांची संख्या नेहमीच मोठी असते. यावरून नोंद निरुपयोगी ठरत नाही, तिचे स्थान ठरते : ती विचारपूस सुरू करण्याचे निमित्त आहे, निष्कर्षाचा आधार नाही.

नोंद असणे आणि तिचा उपयोग होणे यांतील अंतर किती जीवघेणे ठरू शकते, हे जपान आणि इंग्लंड येथील दोन घटनांतून दिसते. जपानमधील नोदा येथील एका शाळकरी मुलीने नोव्हेंबर २०१७ मध्ये शाळेच्या प्रश्नावलीत वडील मारत असल्याचे स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. वडिलांनी दबाव आणल्यावर स्थानिक शिक्षण मंडळाने त्या उत्तराची प्रत त्यांच्याच हाती दिली, आणि जानेवारी २०१९ मध्ये ती दहा वर्षांची मुलगी घरातील छळात मरण पावली. त्यानंतर त्याच वर्षी जपानने पालकांनी मुलांना शारीरिक शिक्षा करण्यावर कायद्याने बंदी आणली. इंग्लंडमधील वोकिंग येथे २०२३ मध्ये मारल्या गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावरील वळ शाळेने तारखांसह नोंदवले होते आणि मार्चमध्ये समाजसेवा विभागाला कळवलेही होते; परंतु ते प्रकरण काही दिवसांतच बंद झाले, एप्रिलमध्ये ‘घरीच शिकवतो’ असे सांगून मुलीचे नाव शाळेतून काढण्यात आले, आणि ऑगस्टमध्ये तिचा अंत झाला. पहिल्या घटनेत नोंद चुकीच्या हाती गेली, तर दुसरीत ती योग्य हाती पोहोचूनही तेथेच विरली. त्याच इंग्लंडने २००९ मध्ये सर्व मुलांची माहिती एकत्र ठेवणारा ‘कॉन्टॅक्टपॉइंट’ हा कोश सुरू केला आणि खर्च व खासगीपणा यांविषयीच्या आक्षेपांनंतर ऑगस्ट २०१० मध्ये तो बंद केला, यावरूनही हेच सुचते की, माहितीचा साठा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. कोणती माहिती, कोणाकडे आणि किती दिवसांत जाईल, हे ठरवावे लागते.

आणखी एक अडचण अशी की, नोंद ठेवणारी शाळाच कधी कधी अत्याचाराचे ठिकाण असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही गुन्हा नोंदला गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे सांगून उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्धचा रद्द झालेला गुन्हा पुन्हा उभा केला. आदिवासी वसतिगृहे आणि आश्रमशाळा असलेल्या धार जिल्ह्याने या निकालाकडे विशेष लक्ष द्यावे. वसतिगृहात आजारपणाची वही आणि घरी जाण्या-येण्याची वही या दोन नोंदी हजेरीपटापेक्षाही बोलक्या असतात. पण त्या अधीक्षकाच्याच ताब्यात असतील आणि बाहेरचे कोणी त्या वाचत नसेल, तर त्यांचा मुलांना काहीच उपयोग नाही.

वरील विवेचनावरून दोन्ही जिल्हा प्रशासनांपुढे काही विनंत्या मांडता येतात, आणि त्यांपैकी एकीसाठीही नवे पोर्टल लागत नाही. पहिली अशी की, प्रत्येक वर्गशिक्षकाने महिन्याअखेर अर्ध्या पानाचे एक टिपण करावे : कोणते मूल नेहमीच्या हंगामाबाहेर गैरहजर राहिले, कोणाच्या प्रकृतीत किंवा वागण्यात बदल दिसला, घरी विचारले का, आणि काय उत्तर मिळाले. टिपणात जे पाहिले आणि ऐकले तेवढेच, तारखेसह आणि मुलाच्या स्वतःच्या शब्दांत लिहावे. तर्क लिहू नये आणि मुलाची पुन्हा पुन्हा उलटतपासणी करू नये. लैंगिक अत्याचाराचा किंवा गंभीर इजेचा संशय आला, तर मात्र शाळेने स्वतःची चौकशी न मांडता आणि घरी न कळवता थेट पोलिसांकडे किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर जावे.

दुसरी विनंती ताब्याविषयी आहे. हे टिपण संचयी नोंदीत किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर जाऊ नये. ते कुलूपबंद राहावे, ज्याच्याविषयी संशय आहे त्याला त्याची प्रत मिळू नये, आणि मुख्याध्यापकाला वगळूनही शिक्षकाला किंवा वसतिगृहातील मुलीला बाल संरक्षण घटकापर्यंत पोहोचण्याची वाट असावी. मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करणारे बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ प्रत्येक शिक्षकाला समजावून सांगितले जावे. तिसरी विनंती प्रत्युत्तराची आहे : शाळेने कळवल्यापासून सात दिवसांच्या आत, गोपनीयता राखून, प्रकरण कोणाकडे आहे आणि मुलाची भेट झाली की नाही एवढे तरी शिक्षकाला कळावे, कारण ज्याच्या पत्राला पोचही मिळत नाही तो दुसरे पत्र लिहीत नाही.

चौथी विनंती हरवलेल्या नावांविषयी आहे. दर तिमाहीला ड्रॉपबॉक्समधील आणि पटावरून कमी केलेल्या प्रत्येक नावाचा माग जनशिक्षक आणि बाल संरक्षण घटकाचा कार्यकर्ता यांनी मिळून घ्यावा, आणि कुटुंब राज्याबाहेर गेले असेल तर तेथील जिल्ह्याला कळवावे. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे आणि मार्च २०२२ पासून शाळा पातळीवर सखी सावित्री समित्यांची तरतूद आहे. त्यांच्याशी दुवा जोडला, तर धारहून निघालेल्या मुलाचे नाव वाटेत गळणार नाही. शेवटची विनंती काय करू नये याविषयी आहे : कोणत्या शाळेतून किती प्रकरणे आली याची क्रमवारी लावू नये आणि उद्दिष्टे देऊ नयेत, कारण जास्त आकड्याची बक्षिसी ठेवली तर निरपराध घरे भरडली जातील, आणि जास्त आकड्याबद्दल जाब विचारला तर खोट्या हजेरीप्रमाणेच खोटी शांतताही कागदावर उतरू लागेल.

शिक्षकांवर आधीच सर्वेक्षणे, निवडणुका आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे ओझे आहे, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच हे अर्धे पान एखाद्या जुन्या प्रपत्राऐवजी यावे, त्याच्या भरीला नव्हे. चांगला शिक्षक आजही नाव पुकारताना उत्तर आले नाही की शेजारच्या मुलाला ‘तो का नाही आला?’ असे विचारतोच. ते उत्तर ऐकून अस्वस्थ झालेल्या शिक्षकाला पुढे कोणाकडे जायचे हे ठाऊक असावे, आणि तो जेथे जाईल तेथे त्याच दिवशी कोणीतरी दप्तर उघडून बसलेले असावे, एवढीच व्यवस्था दोन्ही जिल्ह्यांनी येत्या शैक्षणिक वर्षापासून करावी, ही विनंती.

कळावे,

धार-देवासच्या मुलांचा एक हितचिंतक